पावलांच्या मापात पाप

"पट्टा खोटा निघाला तर शिलाई मशीन डोक्यावर घेऊन गल्लीला फेरी मारीन," टेलरमास्तर म्हणाला. "आणि खरा निघाला तर?"

"तर ही मिशी इथेच, याच खुर्चीत उतरवीन," इन्स्पेक्टर म्हणाला.

सलूनवाल्याची कात्री हवेतच थांबली. खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्धं डोकं घेऊन वळलं. चोवीस वर्षांत इन्स्पेक्टरने त्या मिशीला कुणाला बोट लावू दिलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

भांडण मनगटावरच्या पट्ट्यांवरून होतं. एकावर एक फुकट म्हणून मास्तरने दोन आणले होते. काळे, बिनपडद्याचे, हुबेहूब जुळे. पावलं मोजायची, कॅलरी मोजायची, आकडे फोनवर पाठवायचे. एक मास्तरच्या फोनला जोडलेला, एक शेजारधर्म म्हणून इन्स्पेक्टरच्या.

"पावलाला पाऊल मोजतो," मास्तर म्हणे.

इन्स्पेक्टरची अख्खी नोकरी वजनमापे खात्यात गेली होती. यंत्र बोलतं म्हणजे खरंच बोलतं, हे त्याने कधीच मानलं नव्हतं. आठवडाभर दोघांनी पट्टे घालायचे, रविवारी निकाल, पंच सलूनवाला, असं ठरलं.

"पण आधी तपासणी," म्हणत त्याने घरून पितळी तराजू आणला. डाव्या पारड्यात मास्तरचा पट्टा, उजव्यात आपला. काटा मध्यावर.

"झालं समाधान?"

"एकदा बघून भागतं होय? तराजूच लबाड असला तर?" त्याने दोन्ही पट्टे इकडचे तिकडे केले. काटा पुन्हा मध्यावर. या एका युक्तीवर त्याने शंभरेक वाणी घाम फुटेपर्यंत उभे केले होते. खूश होऊन त्याने उजव्यातला पट्टा मनगटाला बांधला आणि डावा मास्तरला दिला.

पहिल्याच संध्याकाळी पाणी मुरतंय हे त्याच्या लक्षात आलं. तो बाजार फिरला, बाग फिरला, पिंडऱ्या भरून आल्या, आणि फोनवर जेमतेम दोन हजार पावलं. मास्तर दिवसभर सलूनशेजारच्या आपल्या दुकानात स्टुलावर, त्याची अकरा हजार.

"बसून?"

"बसूनच."

"पायडल मारतोस, त्याची मोजतोय!"

"मशीनला मोटर लावून तीन वर्षं झाली, साहेब."

इन्स्पेक्टरने आपला पट्टा बंद करून चालू केला. चार्जिंगला लावला. डाव्या हातातला उजव्या हातात घातला. फोनवर भरलेलं वजन चार किलो कमी होतं, ते मनावर दगड ठेवून खरं भरलं. कशाने काही फरक पडेना. उलट मंगळवारी दुपारी तो ढाराढूर झोपला असताना फोनने सहाशे पावलं दाखवली. ऐन त्याच वेळी मास्तर कापडाचा ढीग बेतत होता.

मग त्याने मास्तरवर पाळत ठेवली. दर अर्ध्या तासाला जिना उतरायचा, समोरच्या खांबाआड उभं राहायचं, गल्लीला वळसा घालून मागच्या खिडकीतून डोकावायचं. मास्तर जागचा हलत नव्हता. बुधवारी चौदा हजार. गुरुवारी सतरा.

"काल म्हणे मी बत्तीस मजले चढलो," मास्तर सुईत दोरा ओवत म्हणाला. "नऊशे कॅलरी जाळल्या."

"लाज नाही वाटत?"

"मला कशाला वाटेल?" मास्तरने दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं. "आकडा कुठून येतो ते तुम्हीच शोधा. तुमचा धंदाच आहे तो."

"अहो, डॉक्टरांनी वर्षभर सांगितलं तर दारापर्यंत गेला नाहीत," घरी बायको म्हणाली. "आता त्या मास्तरपायी चाळीस वेळा जिना?"

"मिशीचा प्रश्न आहे."

"प्रश्न कसला त्यात? मी तर केव्हाची म्हणतेय, काढा."

रविवारी सकाळी इन्स्पेक्टरने ठेवणीतलं हत्यार काढलं. सलूनवाल्यासमोर मास्तरच्या हातातून पट्टा सोडवला, पत्र्याच्या डब्यात घातला, डबा फडक्यात बांधून गाठीवर लाख ओतली, वर शिक्का मारला. दोन्ही फोनवरचे आकडे शून्यावर आणले आणि मास्तरचा फोन पंचाच्या ताब्यात दिला. मास्तरने एका शब्दानेही हरकत घेतली नाही. हेच इन्स्पेक्टरला फार संशयास्पद वाटलं. डबा सलूनच्या फळीवर ठेवून दिवसभर तो गल्लीत गस्त घालत राहिला.

संध्याकाळी सलूनसमोर सगळी गल्ली जमली. इन्स्पेक्टरने डबा उंचावला.

"शिक्का पाहा. शाबूत?"

"शाबूत," सलूनवाला म्हणाला.

त्याने लाख फोडली, पट्टा काढून चारी बाजूंना दाखवला. "हा सकाळपासून डब्यात. पंच, मास्तरच्या फोनवर आज किती?"

"सकाळी शून्य होतं. आता एकोणीस हजार चारशे."

गर्दीत खसखस पिकली.

"आणि माझा फोन? सकाळपासून पायाचे तुकडे पडले, तरी पूर्ण शून्य! याला म्हणतात मापात पाप. काढ रे मास्तर मशीन बाहेर!" त्याने मिशीला पीळ भरला.

मास्तर स्टुलावरून उठला नाही. "काढतो. त्याआधी जरा पुढे या."

"कशाला?"

"या तर खरं."

इन्स्पेक्टर तरातरा पुढे आला. गर्दी पंचाच्या हातातल्या फोनवर वाकली.

"सहा," सलूनवाला म्हणाला.

"सहा काय?"

"थोडे मागे जा बरं, साहेब."

तो मागे गेला. "आणखी चार," तीन-चार जण एकदमच ओरडले. इन्स्पेक्टरने एकदा फोनकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या मनगटाकडे. तराजूत इकडचे तिकडे केलेले पट्टे त्याला आठवले, आणि मिशीवरचा हात हळूहळू खाली आला.

सलूनवाल्याने फोन मास्तरकडे दिला, खुर्चीवरचे केस झटकले आणि वाटीत साबणाचा फेस करायला घेतला. "या, साहेब."

इन्स्पेक्टर निघाला. मास्तरच्या फोनवर बघत सगळी गल्ली त्याच्यासाठी एका सुरात मोजू लागली, "एक… दोन… तीन…" आणि अकराव्या पावलाला तो खुर्चीत बसला, तसा मास्तरच्या फोनवरचा आकडाही बसला.