कोळी दिसली

"चौदा चुका निघाल्या," असं म्हणत बापानं वही लेकीच्या हातात दिली. पोरगी खूश होईल, असं त्याला वाटलं होतं.

तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. तो आठवडाभर मागे लागल्यावर लेकीनं आज सकाळी कुठे ती वही वाचायला दिली होती. मैत्रिणींना नाही, बाईंना नाही, पहिल्यांदा त्यालाच. त्यानंही चहा बाजूला ठेवून, डोळ्यांत तेल घालून वाचली. जिन्याखालच्या एका कोळ्यावर बावीस पानं होती. 'कोळी आज हलली नाही'चं त्यानं 'हलला नाही' केलं, 'जेवली नाही'चं 'जेवला नाही'. लाल शाईत, अगदी सुबक.

लेकीनं पानं चाळली आणि वही मिटून पोटाशी धरली.

"सगळी वाचलीस?"

"शब्दन् शब्द."

"मग ती जेवत का नाही, सांग."

"अगं, कोळी पुल्लिंगी. तो जेवत..."

"बाबा, ती आई आहे."

ही वही आता पुन्हा आपल्या हाती लागायची नाही, हे बापाला कळून चुकलं.

"दाखव मला," तो म्हणाला.

जिन्याखाली दोघं पालथी पडली. लेकीनं विजेरी धरली. जाळ्यात काड्यांसारखे लांब पाय होते आणि तोंडात अंड्यांचं एवढंसं गाठोडं.

"खायचं तर ते सोडावं लागेल ना," लेक कुजबुजली. "म्हणून उपाशी."

बापाची ढोपरं कुरकुरत होती, पण तो बराच वेळ उठला नाही.

बाहेर आल्यावर त्यानं वही मागितली. लेकीनं जरा थांबून दिली. खोडलेला शब्द परत हवा असला, की छापखान्यात त्याच्याखाली टिंबं देतात. म्हणजे आहे तसं राहू दे. त्यानं एकेका 'ली'खाली टिंबं दिली. तेरा झाली.

"आणि हे 'गाठोड'? वर अनुस्वार दिलाय मी."

"ती चूकच आहे," लेक म्हणाली. "ती दुरुस्ती राहू दे."

मग तिनं त्याचंच लाल पेन घेऊन आजची नोंद केली: 'आज कोळी दिसली. आज बाबा पण दिसला'

शेवटी पूर्णविराम द्यायचा राहिला होता. पेन हातात आल्यावर बापानं त्याला टोपण लावून टाकलं.