भोपळा उतरेपर्यंत

जयवंतरावांनी भोपळ्याला कान लावला. आत काही वाजत नव्हतं, पण वाढतं फळ अगदीच मुकं नसतं, असं त्यांना वाटे. मग त्यांनी त्याच्यावर बांधलेल्या जुन्या साडीची सावली नीट ओढून घेतली. ऊन लागलं की साल कडक होते. साल कडक झाली आणि आतला गर वाढतच राहिला की भोपळा तडकतो. साकीनाक्याच्या वर्कशॉपात चाळीस वर्षं फिटर म्हणून काढलेल्या माणसाला हे कुणी शिकवायला नको होतं.

मुलुंडच्या त्या तीन मजली इमारतीत आता एकच बिऱ्हाड उरलं होतं. इमारत पाडून नवी बांधायची होती. बाकीची मंडळी घरं रिकामी करून पांगली होती. शेवटच्या सभेत जयवंतराव उभे राहिले आणि म्हणाले, "मागच्या अंगणातला भोपळा उतरला की चावी देतो." सगळे हसले. भोपळा तेव्हा मुठीएवढा होता. महिन्याभराची बात, म्हणून सेक्रेटरी शिवदासनेही मान डोलावली. बी भाच्याने कुठल्याशा थोराड परदेशी जातीचं आणून दिलंय, हे जयवंतराव काही बोलले नाहीत. 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' मात्र सगळ्यांनी त्यांना ऐकवून झालं होतं.

आता तो घंगाळाहून मोठा झाला होता, आणि अजून पिकायचा होता. तोवर घर त्यांचं. फुटला, तर त्याच दिवशी उतरवावा लागणार. म्हणून त्यांनी तो तळहाताच्या फोडासारखा जपला. खाली वाळू पसरली, म्हणजे बूड घासणार नाही. वेलीवर आणखी एक फळ मुद्दाम राखलं, म्हणजे सगळा जोर एकाच्याच अंगी येणार नाही. पाणी बेताचं, सकाळी एक कळशी आणि संध्याकाळी एक. खालचा नळ बंद झाल्यापासून ती तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून आणावी लागे. त्यांचे पाय अजून खणखणीत होते.

त्यांच्या बायकोचे, मालनचे, नव्हते. दिवाळीपासून ती खाली उतरली नव्हती. "मला आता जिना होत नाही हो," ती गुडघे चोळत म्हणायची.

"एवढा भोपळा उतरू दे गो," ते म्हणायचे.

माणूस वाईट नव्हता. या घरात त्यांची मुलगी रांगली होती, आईने इथेच डोळे मिटले होते.

दुपारी जेवून ते आडवे होत, आणि रोज एकच स्वप्न पडे. भोपळा वाढत वाढत पहिल्या मजल्याला टेकलाय. त्याच्या केशरी उजेडात सगळी बंद दारं उघडलीत. जानकीकाकू गच्चीवर पापड वाळत घालतायत, अण्णांचा रेडिओ खरखरतोय. कुठेतरी लांब पाणी झुळझुळतंय, गावच्या पाटासारखं.

गेल्या तीन दिवसांत भोपळा चांगला चार बोटं वाढला. त्यांच्यातला फिटर जागा असता तर ती वाढ आणि बुडाशी राहणारी ओल पाहून घाबरला असता. जयवंतराव हरखले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ते कळशी घेऊन खाली आले, तर देठापासून बुडापर्यंत चीर गेली होती. बोट आत जाईल एवढी. भोवती चिखल होता, आणि तो एका कळशीचा नव्हता. जयवंतरावांनी संतापून शिवदासला फोन लावला. तो जवळच राहायचा. दहा मिनिटांत स्कूटर घेऊन हजर झाला.

"माणसं पाठवलीस ना पाणी ओतायला?"

"काका, आईशप्पथ नाही. उलट मीच सगळ्यांना थांबवतोय, काकांचा भोपळा होऊ दे म्हणून."

तेवढ्यात वर दार उघडल्याचा आवाज आला. मग जिन्यात एक पाऊल वाजलं. बऱ्याच वेळाने त्याच पायरीवर दुसरं. मग नुसता श्वास. दोघेही ऐकत राहिले. तीन जिने उतरायला इतका वेळ लागतो, हे जयवंतरावांना माहीत नव्हतं.

मालन शेवटच्या पायरीवर टेकली.

"त्या पोराला कशाला बोलता? पाणी मी घातलं. तुम्ही झोपायचात तेव्हा. चार दुपारी, रोज चार कळशा."

चार कळशा म्हणजे चारदा खाली आणि चारदा वर. जयवंतरावांचं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. घोटे सुजून पार गोल झाले होते. त्यांना भयंकर लाज वाटली. ते पुढे झाले आणि तिला उठवून घरी न्यायला त्यांनी हात दिला.

तिने तो हात घट्ट धरला, पण जागची हलली नाही.

"आता मला परत वर चढायला लावू नका," ती म्हणाली.