सकाळचं विमान

"म्हणजे जायचं ठरलंच," शिंपी म्हणाला. मशीनवरून मान काही वर केली नाही.

"ठरलं काय, निघालेच मी, बाबा. बस येईलच आता." लेकीने बॅगेची चेन ओढली. "शहरातल्या कारखान्यात शिलाईचं काम तरी आहे. इथे आता गणवेश शिवायचे कुणाचे? तळच उठला."

लष्कराचा तळ खरंच उठला होता. शिंप्याच्या वडिलांच्या काळात गुरं चरायचं माळरान तळासाठी गेलं, तेव्हा सगळ्या गावाने बोटं मोडली होती. पुढे एका पुरात त्याच जवानांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाठुंगळी मारून बाहेर काढलं. हळूहळू फाटकासमोर दुकानं लागली, आणि बोटं मोडणारेच पाट्या रंगवू लागले. तळावरच्या विमानांचा जाच मात्र कायम राहिला. सकाळचं विमान छपरावरून गेलं की फळीवरच्या बरण्या नाचायच्या, बोलणाऱ्याचं बोलणं तोंडातच राहायचं.

पण गावकरी काय कमी! त्या आवाजातही त्यांनी आपली सोय शोधलीच. जे तोंडावर बोलता येत नाही, ते विमानाखाली बोलून घ्यायचं. सुना सासवांचा उद्धार करायच्या, कारकून साहेबाचा. विमान गेलं की सगळे साळसूद.

शिंपीही बोलायचा. अगदी रोज. समोर काजं करत बसलेल्या लेकीला फक्त त्याचे ओठ हलताना दिसायचे.

"काय म्हणालात?" ती विचारायची.

"कुठे काय! दोरा संपला म्हटलं."

इतका दोरा कुणाचा संपतो? पण ती बिचारी पुढचं काज हातात घ्यायची.

आजही नेहमीची वेळ झाली. दोघांनी एकदमच छपराकडे पाहिलं. शेवटचं विमान जाऊन आठवडा झाला होता, पण मानेला कोण सांगणार?

कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला. लेकीने बॅग उचलली. सवयीने शिंप्याचे ओठ हलले, आणि आज शब्द न् शब्द बाहेर पडला.

"नको ना जाऊस, बाळा. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे गं. तू गेल्यावर मी एकटा काय करू?"

रस्त्यापलीकडे न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावरच थांबला. शिंपी कानापर्यंत लाल झाला.

"दोरा... दोरा संपला म्हटलं," तो पुटपुटला.

लेकीने मशीनवरच्या रिळाकडे पाहिलं. रीळ भरलेलं होतं. तिचे डोळेही भरून आले. बस दारासमोर येऊन घुरघुरत उभी राहिली. तिने बॅग खाली ठेवली नाही, पण उंबराही ओलांडला नाही.

"ऐकू नाही आलं, बाबा," ती म्हणाली. "पुन्हा म्हणा."