तिसरी शाळा

"किती वर्षं राहणार आहात इथे?" मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं.

"आता कायमचेच," बाबा म्हणाले.

"दोनेक वर्षं तरी," आई म्हणाली.

दोघं एकदमच बोलले. मधल्या खुर्चीतल्या मुलीने आधी आईकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि मान खाली घातली. परदेशातून येऊन पुरता महिनाही झाला नव्हता आणि ही तिसरी शाळा. पहिल्या शाळेत जागा नव्हती. दुसऱ्या शाळेत तिला एक इयत्ता मागे बसवणार होते.

बाईंनी पेनला टोपण लावलं. "मी का विचारते सांगू? नववीला जे विषय घेतले तेच दहावीला. मध्ये बदल नाही. तिकडची भाषा चालू ठेवायची असेल तर तुकडी वेगळी, इकडची घ्यायची तर वेगळी. म्हणून म्हटलं."

"तशी काही अडचण नाही, मॅडम," बाबा खुर्चीत पुढे सरकले. "तिकडे ती कायम वरच्या नंबरात. तिकडे तिच्या विज्ञानाच्या बाई तर..."

"असेल ना. हुशार दिसतेच आहे. पण मी ते नाही विचारलं."

तेवढ्यात दोन वेण्या घातलेली एक मुलगी खडू मागायला आत आली. बाईंनी तिला थांबवलं. "तू नववीची ना? हिला जरा शाळा दाखवून आण."

लेक इतक्या चटकन उठली की खुर्ची मागे करकरली. दार लोटलं गेलं आणि बाबा आईकडे वळले.

"दोन वर्षं कुठून काढलीस तू?"

"आणि कायमचे कुणाला विचारून म्हणालास?"

"अगं, सगळं ठरवून आलो ना आपण? अप्पांना या वयात एकटं ठेवायचं का?"

"तुझ्या अप्पांसाठी मी नाही म्हटलंय का? आलेच ना उठून?" आई पर्सची चेन उघडत होती, लावत होती. "पण मी नोकरी सोडलेली नाही तिथली. रजा टाकलीय. बिनपगारी."

"राजीनामा दिला म्हणाली होतीस."

"देते म्हणाले होते."

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मग वळून म्हणाल्या, "मागे एक मुलगा असाच आला होता. वर्ष पुरं व्हायच्या आत परत गेला. धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. तुम्ही असं करा, बाहेर बसून बोला. माझी खुर्ची काही कुठे जात नाही."

बाहेर व्हरांड्यात बाक होता. बाबा बसले, पण त्यांचा पाय थांबेना, नुसता हलत राहिला. आई बसलीच नाही. जिन्यापर्यंत जायची, परत यायची.

"निदान मला सांगायचंस तरी," बाबा म्हणाले.

"सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, मग कशाला येतेस. आणि मला यायचं तर होतं रे. फक्त परत जाताच येणार नाही, असं नको होतं."

मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि चारी दिशांनी मुलं सांडली. एकच गलका झाला. आई कठड्याशी जाऊन त्या गर्दीत आपली मुलगी शोधू लागली. तिकडे शाळेच्या फाटकातून कितीही मुलं बाहेर पडू देत, ही लगेच दिसायची. तेवढं एकच डोकं काळंभोर. इथे सगळीच डोकी तशी. दोनदा तर दुसऱ्याच कुणाच्या पाठीवर आईची नजर थांबली आणि घाबरल्यासारखी पुढे सरकली.

शेवटी दिसली. पाण्याच्या नळाशी, पाचसहा मुलींच्या घोळक्यात. ओंजळ धरून पाणी पीत होती. कुणीतरी काहीतरी बोललं, तशी तिला हसू फुटलं आणि तोंडातलं पाणी पुढच्या मुलीच्या अंगावर उडालं. पुढची मुलगी ओरडली आणि स्वतःच हसायला लागली.

वेण्यांवाली मुलगी तिला घेऊन परत आली, ती धापा टाकतच. "काकू, ही आमच्याच वर्गात येणार का? माझ्या शेजारची जागा रिकामी आहे."

"बघू हं. का गं?"

"छान आहे ही. बोलताना जरा अडखळते, पण तिने सांगितलं मला, लहानपणी तोतरी होते म्हणून."

आईने लेकीकडे पाहिलं. तोतरी? वर्षाची व्हायच्या आत तोंडाचा पट्टा सुरू झाला होता तिचा. तिच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं, ते तिने पुसलं नाही.

"आणि काकू, वर्गातल्या मुली म्हणतात, हिचे बूट बघा, ही परदेशातून आलीय. ही म्हणते, छे, मी पलीकडच्या चौकातल्या शाळेत होते, आमचं घर बदललं. कुणाचं खरं?"

"अगं, परदेशातून म्हणजे काय," बाबा कौतुकाने उठून उभे राहिले, "ही तर..."

आईने त्यांचं मनगट धरलं. घट्ट. लेक श्वास रोखून आईच्या तोंडाकडे बघत होती.

"हिचंच खरं," आई म्हणाली. "घर बदललं आम्ही. सामान लावायचंय अजून."