मुकी चौकट

चार महिने ते पत्र गौरीशंकर यांच्या टेबलाच्या खणात पडून होतं. उत्तर गेलं नव्हतं. येरमाळ्याच्या संघप्रिया यांनी ते संगणकावर छापून पाठवलं होतं.

"सर, मला दिसत नाही. संगणक वाचून दाखवतो, त्यावर मी काम करते. तुमच्या वाचनालयाचा सभासद होण्याचा फॉर्म उघडला, तर प्रत्येक चौकटीवर तो एवढंच म्हणतो, 'लिहिण्याची जागा, रिकामी.' कशाची जागा, ते सांगत नाही. भाऊ भरून देतो म्हणाला. मला तो स्वतःच भरायचा आहे."

फॉर्म गौरीशंकर यांनीच केला होता. लोहाऱ्यातल्या त्या वाचनालयात कपाटांवरच्या चिठ्ठ्यांपासून दारावरच्या पाटीपर्यंत सगळं त्यांच्याच अक्षरात. म्हणून नाव, गाव, पत्ता हे शब्दही त्यांनी बोरूनं लिहिले, फोटो काढले आणि चौकटींशेजारी लावले. 'पाठवा' हे बटणसुद्धा चित्रच. यंत्राला ते अक्षर वाचता येत नाही, हे पत्र आल्यावर कळलं. पण तसं कळवायची लाज वाटली, आणि दिवस गेले.

आज सकाळी त्यांनी सगळी चित्रं काढून टाकली. साधे छापील शब्द घातले, एकेक शब्द आपापल्या चौकटीला जोडला. संगणकाची वाचून दाखवायची सोय चालू केली, माउस काढून ठेवला, स्क्रीनवर उपरणं टाकलं. पण त्यांना स्वतःला फॉर्म पाठ होता. आपली परीक्षा आपण काय घेणार? त्यांनी बायकोला हाक मारली, पत्र वाचून दाखवलं आणि खुर्चीकडे बोट केलं.

"म्हातारपणी शाळंत बसवता व्हय मला?" दैवशालाबाई म्हणाल्या. तरी बसल्या. गौरीशंकर यांनी त्यांचं बोट पुढच्या चौकटीत नेणाऱ्या टॅबच्या कळीवर ठेवलं.

"नाव," यंत्र बोललं, "लिहिण्याची जागा."

"अगं बया!"

"दाब पुढं."

गाव आलं. पत्ता आला. मग, "लिहिण्याची जागा, रिकामी."

"अवो, हितं मुकं झालं. हितं काय लिवायचं?"

फोन नंबरची चौकट. तिथला शब्द जोडायचा राहिला होता. गौरीशंकर यांचा चेहरा उतरला. "मला नाही जमायचं हे."

"एकच तर राह्यली. करा की."

त्यांनी ती जोडली. दैवशालाबाई पुन्हा पहिल्यापासून एकेक चौकट भरत निघाल्या. या वेळी फोन नंबर बोलला. चित्रं होती तेव्हा टॅब जिथं थांबतच नसे, तिथंही थांबला. "पाठवा, बटण."

"दाबू?"

"दाब."

"अर्ज पोचला."

इतका वेळ आपण उभेच आहोत, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. ते शेजारच्या खुर्चीत बसले. मग कोरा कागद ओढून त्यांनी उत्तराच्या दोन ओळी लिहिल्या.

दैवशालाबाई वाकून बघत होत्या. "लई देखणं. पण तिला वाचून कोण दावणार? भाऊच ना?"

कागद बाजूला झाला. पत्राखाली ईमेलचा पत्ता होता. गौरीशंकर यांनी उपरणं काढलं, कीबोर्ड ओढला आणि एका बोटानं टाइप केलं. चूक माझी होती. उशीरही माझाच. फॉर्म आता बोलतो. भरून बघा, अडलं तर लिहा.

"संदेश पाठवला," यंत्र मोठ्यानं म्हणालं.

"बरं झालं बाई," दैवशालाबाई उठता उठता म्हणाल्या. "चार महिनं झोपंत तुमचं नुसतं 'सप्रेम नमस्कार', 'सप्रेम नमस्कार' चाललंय. फुडचं आज कळलं."