नुसते ओठ

“दौलतराव, उद्याच्या उपासनेत तुम्ही नुसते ओठ हलवा.”

शरच्चंद्र मास्तर हे अगदी हळू बोलले. दौलतला ऐकू आलं नाही, पण कळलं. गिरणीच्या साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात बावीस वर्षं काढलेला माणूस कानांवर विसंबत नाही. तो समोरच्याचे ओठ वाचतो.

“नाताळ आहे. पुण्याहून पाहुणे पाळक येतायत,” मास्तर पेटी पुसत म्हणाले. “मोर्च्यात आवाज लागतो, दौलतराव. देवळात सूर लागतो.”

मास्तरांचंही खोटं नव्हतं. परळच्या त्या लहानशा ख्रिस्ती देवळात दौलतनं तोंड उघडलं की खिडकीतली कबुतरं उडायची. पेटी एका पट्टीत आणि दौलत भलत्याच. कालच्याच मोर्च्यात तो ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ असा ओरडला, तेव्हा पार नाक्यावरच्या लोकांनी ‘झालाच पाहिजे’ म्हणून साथ दिली होती. तोच गळा तो दर रविवारी देवाला वाहायचा. आता ती गिरणी नाही आणि देवळातले ते बाकही नाहीत. पण तिथली जुनी माणसं भेटली की अजून त्या आवाजावर हसतात.

त्या संध्याकाळी दौलत घरी येऊन गीतांचं पुस्तक चाळत बसला.

“दानाच्या थैलीत चवली टाकतो, ती काय, सगळेच टाकतात,” तो शेवटी बायकोला म्हणाला. “देवाला माझं म्हणून द्यायला एवढा गळाच होता.”

“मग हलवा की ओठ,” सुमती म्हणाली. “माझं बोलणं तुम्हाला कळतंय, नि देवाला तेवढं वाचता येत नसंल होय?”

त्याला हसू आलं. पुस्तक मात्र त्यानं मिटून ठेवलं.

नाताळच्या सकाळी देऊळ भरलं. पुढं कारकून, शिक्षक, नर्सबाया. मागचे चार बाक गिरणीवाल्यांचे. त्यातल्या पहिल्या बाकापाशी दौलत उभा राहिला, नेहमीसारखा. मास्तरांनी पेटी धरली. दौलतनं त्यांच्याकडं बघून इमानदारीत ओठ हलवले.

काय गोड गाणं उठलं! एक कबुतर हललं नाही. पाहुण्यांनी मान डोलावली. मास्तर सुखावले.

दुसऱ्या कडव्याला त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. गाणं गोड होतं, पण अर्ध्या देवळाचंच होतं. त्यांनी मान वर केली. मागचे चारही बाक पुस्तकं उघडून मुकाट उभे होते. सगळ्यांचे डोळे दौलतच्या पाठीवर.

मास्तरांनी त्यांना गाण्याची खूण केली. तेव्हा शेवटच्या बाकावरून शांताबाई बोलली. तीही वीस वर्षं गिरणीतच होती. कमी ऐकणारी माणसं बोलतात तशी ती मोठ्यानं म्हणाली:

“मास्तर, गाणं सुरू झालं का? दौलत अजून गप कसा?”

पेटी थांबली. इतकी वर्षं त्या चार बाकांना ती कधी ऐकूच आली नव्हती.

मास्तरांनी दौलतकडं पाहिलं. त्यांनी नुसते ओठ हलवले.

“दौलतराव, गा.”