दहाव्याची जिलेबी

नदीकाठी पिंडाशेजारी जिलेबी ठेवून तास झाला, तरी कावळा शिवेना. इंदुबाई जिलेबीकडेच बघत होती. तिच्या नवऱ्याने, दामोदरने, शेवटच्या दिवशी तीच मागितली होती आणि तिने दिली नव्हती.

देणार तरी कशी? मधुमेह संशोधन केंद्राने गावातल्या प्रत्येकाच्या दंडात चकती बसवली होती. एकाने गोड खाल्लं की त्याची साखर तीनशे जणांच्या रक्तात वाटली जायची, आणि खाणाऱ्याचं नाव सगळ्यांच्या मनगटपट्टीवर उमटायचं. मधुमेहाने आता कुणी मरत नव्हतं. पण गावापायी बारा वर्षं तिने नवऱ्याला गोडाचा कण लागू दिला नव्हता.

एकदम सगळ्यांच्या पट्ट्या थरथरल्या. साखर चढत होती.

"कोण खातंय?" सरपंचांनी विचारलं. सगळ्यांनी रिकामे हात पुढे केले.

केंद्राच्या डॉक्टरबाई पट्टीवरचं नाव वाचून पांढऱ्याफटक पडल्या. "दामोदर शेलार. पण त्यांची चकती मी स्वतः काढून घेतली होती."

पिंडाजवळची जिलेबी जशीच्या तशी होती.

इंदुबाईने पिशवीतला उरलेला पुडा सोडला आणि अख्खा तिथे ठेवला.

"त्यांचं एकीवर कधी भागायचं नाही," ती म्हणाली.